हातावरची तीन अक्षरं

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, सगळं जागच्या जागी आहे. फोन हाताशी असताना बाबांना पत्राची हौस कुठून आली, असं तुझ्या मनात येईल. कारण साधं आहे. मी फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते, आणि जे सांगायचं ते तिच्यादेखत बोलता येत नाही. दुपारी जेवल्यावर ती तासभर झोपते. तेवढ्यात शिवणयंत्राच्या टेबलावर हे लिहितोय. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी बसायला मला अजून हीच जागा लागते.

आधी बरं ते सांगतो. स्वयंपाकात माझा हात बसला आहे. भाजी आता करपत नाही, फक्त मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही. तुझी आई विसरते म्हणून कुरकुर करणारा मीच, आणि मीठ टाकलं की नाही हे मलाच आठवत नाही.

आता मूळ गोष्ट. सकाळी उठली की ती पलंगाच्या कडेला बसते, डाव्या हाताची बाही वर करते आणि तुझ्या दादाचं नाव वाचते. बोट फिरवत, एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलीसारखं. मग मला विचारते, अजून उठला नाही का तो. सुरुवातीला मी खरं सांगितलं. नऊ दिवसांचा ताप, दवाखाना, सगळं. ठकू, तिने ते पहिल्यांदाच कळल्यासारखं ऐकलं. दुपारपर्यंत रडली, संध्याकाळी विसरली, आणि दुसऱ्या सकाळी बाही पुन्हा वर. असे आठ-दहा दिवस गेले. मग मी खोटं बोलायला लागलो की कामाला गेलाय, येईल. तर दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसते. तो आल्याशिवाय घास कसा उतरेल म्हणते.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी ती एकटीच जाऊन ते नाव गोंदवून आली होती. चोपन्नाव्या वर्षी. काकू, दुखेल हं, असं तो टॅटूवाला म्हणाला, तर दुखू दे म्हणाली होती. तू त्यावरून आठवडाभर तिच्याशी धड बोलली नव्हतीस. अकरा वर्षं झाली त्याला.

तू ज्या लेझर मशीनने लोकांचे टॅटू घालवतेस, त्याने हे निघेल का? मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. सावकाश विचार करून कळव. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा
बाबा


१४ फेब्रुवारी

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. पत्र तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण काम नाही. दोनदा उत्तर लिहून फाडलं.

मला हे जमणार नाही, बाबा. तुम्हाला वाटतं तसं ते खोडरबराने पुसल्यासारखं नसतं. लेझरचा प्रत्येक ठोका रबरबँड ताणून कातडीवर सोडावा तसा लागतो. शाईचे कण फुटतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. एका वेळी काम होत नाही. चार-पाच वेळा यावं लागतं, मध्ये दोन-दोन महिने थांबून. आईची कातडी आता किती पातळ झाली आहे. आमच्या डॉक्टर मॅडमना मी नाव न घेता विचारलं. ज्या पेशंटला आपलं काय काढतायत हे कळत नाही, त्याच्यावर मशीन लावायचं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

दिवसभर माझ्या टेबलासमोर माणसं बसतात. कुणाच्या गालावर वांग असतं, कुणाला उन्हाचे डाग घालवायचे असतात, कुणाला पुन्हा पंचविशीतलं दिसायचं असतं. एक गृहस्थ मानेवरचं बायकोचं नाव काढायला येतात, आणि त्यांना सोडायला तीच बायको येते. टॅटूत तिच्या नावाची वेलांटी चुकली होती, म्हणून काढून नीट करून घ्यायचं आहे. अशी नावं मी हसतखेळत काढते. पण दादाचं नाव माझ्या हाताने काढायचं म्हणजे काय, याचा विचार तुम्ही केलात का?

तेव्हा मी आईशी का बोलत नव्हते, तेही आज सांगते. ते दादाचं नाव होतं म्हणून नाही. हातावर आणखी जागा होती म्हणून. मी जिवंत होते, शेजारच्याच खोलीत होते. बावीस वर्षांच्या बाईने हे मनात आणू नये, पण आलं होतं.

तुम्ही तिला मनगटापर्यंत बाह्यांचे गाऊन शिवून द्या. नाहीतर हातावर पट्टी बांधा. नाव दिसलं नाही की विचारणार नाही. तब्येतीला जपा आणि मीठ एकदाच टाका. रागावू नका माझ्यावर.

तुमची
ठकू


२ एप्रिल

चि. ठकूस,

आशीर्वाद. रागावलो नाही. तू लिहिलंस ते बरं केलंस. इतकी वर्षं मी समजत होतो की तुला टॅटूच आवडत नाहीत. बाप म्हणून मी काय पाहत होतो कोण जाणे.

तू म्हणालीस तसे चार गाऊन शिवले. लांब बाह्या, कफाला दोन-दोन हुक. बोटं अजून चालतात, तुला पाहून बरं वाटलं असतं. पण हुक काढायला तिला माझ्याइतकाही वेळ लागत नाही. जन्म माझ्या दुकानात हुक लावण्यात गेला तिचा. मग पट्टी बांधली. तिला वाटलं जखम झाली आहे. तिने ती सोडली आणि खाली त्याचं नाव दिसल्यावर इतकी घाबरली की त्यालाच काहीतरी लागलंय असं धरून बसली. तेव्हापासून मी पुन्हा खरं सांगायला लागलो.

गेल्या सोमवारी मी अंघोळीला गेलो असताना ती घराबाहेर पडली. गाऊनवर, अनवाणी. त्याच्या जुन्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत होती, ह्या नावाचा मुलगा आत आहे का म्हणून. एका बसवाल्याने ओळखलं आणि घरी आणून सोडलं. तळव्याला काच लागली होती. जखम पुसत असताना तिने मला पुन्हा विचारलं, तो कुठे आहे. आणि ठकू, माझा तोल गेला. मी ओरडलो की मेला तो, मेला, किती वेळा सांगू. मीच त्याला मारलं असावं, अशा नजरेने ती माझ्याकडे पाहत राहिली. संध्याकाळी ती ते विसरली. मी कुठे जाऊ विसरायला?

मुलगा गेल्याचं बापाला एकदा कळतं, तेवढं पुरे असतं. मी ते रोज सकाळी चहाच्या आधी सांगतो आहे.

तिच्या विस्मरणाच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तुमच्या मॅडमना चिठ्ठी दिली आहे, ती सोबत पाठवतोय. दुसरा कागदही सोबत आहे. रविवारी संध्याकाळी तिचं डोकं स्वच्छ होतं. तसं अजून कधीकधी असतं, तासभर. मी समोर बसून तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती किती रडते तेही. रडली नाही. बाही वर करून त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, मी रोज तुमचा असा छळ करते का. मी नाही म्हणालो. तिने कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. सकाळी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण अक्षर तिचंच आहे, तू ओळखशील.

आता तू म्हणशील ते मला मान्य आहे. तुझ्यावरचा जीव त्याने कमी होणार नाही.

तुझा
बाबा

(सोबतचा कागद)

ठकू, हातावरचं नाव काढून टाक. मला चालेल. तुझ्या बाबांना सकाळचा चहा सुखाने पिऊ दे. तू काढ, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. – आई


११ मे

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. बसमध्ये आईने खिडकीची जागा सोडली नाही हे वाचून हसू आलं. हाताला मलम दोन वेळा लावा. खपली धरेल, ती काढू देऊ नका. उन्हात जाताना बाही खालीच असू दे.

त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, म्हणून आतलं लिहिते. आईच्या आणि माझ्या दोघींच्या डोळ्यांवर ते जाड चष्मे होते, माझ्या तोंडाला मास्क. तिने मला ओळखलं नाही. मला ताई म्हणत होती. मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं की मी करू का. मी मान हलवून नको म्हणाले. आईने लिहून दिलं होतं ना.

पहिल्या अक्षरावर ठोके पडले तेव्हा तिने डोळे मिटले, पण हात हलवला नाही. अक्षर क्षणभर पांढरं झालं, साखर भुरभुरल्यासारखं. मी थांबून विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाली. मग माझ्याशी बोलायला लागली. तिला एक मुलगी आहे, माझ्याएवढीच, तीही अशाच मशीनवर काम करते. फार हुशार, पण रागीट, लहानपणापासून. मुलाच्या दुःखात त्या पोरीकडे बघायचं राहून गेलं, म्हणाली. ती भेटली तर तिला सांग, असा निरोपही दिला. मी सांगते म्हणाले. चष्म्याच्या आत पाणी साचलं की काही दिसत नाही, बाबा. मशीन बंद करून मला दोन मिनिटं थांबावं लागलं. तिला वाटलं मशीन तापलं.

जुलैत पुन्हा आणा. दोघांनी जपून राहा, आणि मला विसरू नका, असं नेहमीच्या सवयीने लिहिणार होते. ते खोडते.

तुमची
ठकू


२० सप्टेंबर

चि. ठकूस,

आशीर्वाद. तिसऱ्या खेपेनंतर खपली नीट पडली. पहिलं अक्षर आता नाहीच. दुसऱ्याची नुसती रेघ उरली आहे, तिला ती शीर वाटते. तिसरं फिकट आहे, पण एकट्या अक्षराला अर्थ नसतो. ती बोट फिरवते आणि सोडून देते.

पंधरा दिवस झाले, तिने विचारलेलं नाही. बाही वर करते, हात पाहते, मग चहा मागते. आम्ही दोघं चहा पितो. बिस्किट बुडवून खाते आणि कपात पडलं की माझ्याकडे बघून हसते. वजन वाढलंय थोडं. झोप लागते. शेजारीण म्हणाली की चेहरा उजळलाय, तुझ्याकडच्या लेझरने की काय.

तू विचारशील म्हणून सांगतो, मी बरा आहे. पहिल्या दिवशी तिने विचारलं नाही तेव्हा उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते तिथेच राहिलं. या घरात त्याचं नाव घेणारी ती एकटीच होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्याचा विषय कधी काढला नाही, तुला ठाऊक आहे. रडायचं काम तिच्याकडे होतं, दुकान माझ्याकडे. आता चहा झाला की मी यंत्राशी येऊन बसतो, आणि दोरा ओवायला वेळ लागतो.

तिचं ते रोजचं विचारणं परत यावं असं मला वाटत नाही. एवढं नक्की समज. ख्यालीखुशाली कळवत राहा.

तुझा
बाबा


९ डिसेंबर

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. कालची खेप शेवटची. मॅडमनी भिंगातून पाहिलं, आता काही उरलेलं नाही. कातडी तेवढ्या जागी जराशी फिकी आहे, वर्षभरात रंग धरेल.

तुम्ही तिला घेऊन निघालात आणि मी खुर्ची पुसायला घेतली. पुसता पुसता दादाचं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. तुमचं सप्टेंबरचं पत्र आल्यापासून मनात होतं. बाबा, तुम्ही माझ्यापाशी त्याचं नाव काढा. पत्रात काढा, फोनवर काढा. दर वेळी काढा. मला चालेल.

आईला माझा नमस्कार सांगा. त्या दवाखान्यातल्या ताईने सांगितलाय म्हणा.

तुमची
ठकू


२७ डिसेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दुपारी घडलं ते लिहितो, नाहीतर राहून जाईल.

आई झोपली होती. मी तुझं पत्र वाचलं, आणि मग मला आवरेना. अकरा वर्षांत नव्हे, आयुष्यात इतका रडलो नसेन. यंत्रावर डोकं टेकून बसलो होतो. ती केव्हा उठली कळलंच नाही. पाठीवर हात ठेवून उभी होती. का रडता, असं तिने विचारलं. खोटं काय सांगावं ते मला सुचेना. मी म्हणालो, माझा मुलगा गेला.

मी घाबरूनच गेलो होतो. पण ती रडली नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेतला. केवढा होता, विचारलं. चोवीस वर्षांचा, मी म्हणालो. फार लहान, म्हणाली. मग कसा होता ते विचारलं. मी सांगत गेलो. शिट्टी वाजवत जिना चढायचा. माझी कात्री पळवून कागद कापायचा आणि धार घालवायचा. बहिणीला सायकल शिकवताना स्वतःच नाल्यात पडला होता. त्याला ती हसली, तोंडावर हात धरून, पूर्वी हसायची तशीच. त्याचं नाव मी तीन-चारदा घेतलं. तिने ते एखाद्या परक्या मुलाचं ऐकावं तसं ऐकलं. छान नाव आहे म्हणाली.

तासभर तरी आम्ही बोलत होतो. ठकू, त्याच्याबद्दल तिच्याशी इतकं मी कधीच बोललो नव्हतो.

चहा टाकायला मी उठलो, तेव्हा तिने मला थांबवलं. आणि त्याची आई, तिने विचारलं, ती बिचारी कशी आहे?

मी म्हणालो, आता बरी आहे. झोप लागते तिला.

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. जपा तिला, म्हणाली.

जपतो आहे. तूही जप स्वतःला.

तुझा
बाबा