उजव्या बाहीचं माप

५ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. ऑर्डरची जुनी वही सापडली, मागची निम्मी पानं कोरी आहेत.
फिजिओबाईंकडे जाऊन आले. मुलीनं अपॉइंटमेंट घेतली होती म्हणून, नाहीतर मला काही झालेलं नाही. स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, सगळं संपून आठ महिने झाले. शेवटच्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ही बाई म्हणते, काखेतल्या गाठी काढल्यामुळे हातातल्या पाण्याचा निचरा होत नाही, ते साचून हात सुजतो, याला लिम्फेडेमा म्हणतात आणि तो जन्मभर सांभाळायचा असतो. मग टाळ्या कशाला वाजवल्या? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
उजवा हात थोडा भरलेला दिसतो हे खरं. पण तो कामाचा हात आहे. कटिंग करणाऱ्याचा उजवा हात जाड असतोच.

६ जानेवारी, दुपारी
फिजिओबाईंची यादी: दिवसभर प्रेशरची बाही घालायची. हलक्या हातानं मसाज. सुई टोचून घ्यायची नाही. दर रविवारी चार ठिकाणी टेप लावून माप लिहायचं. टेप कसा धरायचा हे तिनं मला दाखवलं. मला. तीस वर्षं मी माणूस दारातून आत येताना बघून त्याचं माप सांगते. दुकानात कटिंग मी करते, नवरा मशीनवर असतो, तरी लोक मास्तर म्हणतात ते त्यांना. आता मीही तेच म्हणते.
ठराव: बाही घालणार. मसाज करणार. टेप लावणार नाही. माझा डोळा पुरेसा आहे.

९ जानेवारी
प्रेशरची बाही आली. कातडीच्या रंगाची आहे म्हणे, कुणाच्या कातडीच्या ते माहीत नाही. चढवायला वीस मिनिटं लागली, एकीकडून मी, दुसरीकडून मास्तर. चाळीस मिनिटं घातली. दंडाला करकचून बसते. मास्तर म्हणाले, ती करकचून बसण्यासाठीच आहे. शिवणीतलं त्यांना काय कळतंय.
मसाज उद्यापासून.

१२ जानेवारी
बाही उसवली. सैल व्हावी म्हणून खालच्या बाजूनं तीन बोटं रुंद कळी घातली, ताणाचं कापड शिल्लक होतं त्याची. आता कुठे ती बाहीसारखी झाली. दिवसभर घातली, काही जाणवलंसुद्धा नाही. बनवणाऱ्यांना कळवायला हवं, त्यांच्याही कामाला येईल.
संध्याकाळी फिजिओबाईंना फोन करून सांगितलं.  त्या म्हणाल्या, दाब हाच तर उपचार होता, तोच तुम्ही काढून टाकलात. दुसरी मागवते, तिला कात्री लावू नका. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. तिनं आयुष्यात एक रुमाल तरी शिवलाय का?

१५ जानेवारी
राखाडी ड्रेस घालायला घेतला. उजवी बाही कोपरापर्यंत चढली आणि अडकली. काढायला मास्तरांना हाक मारावी लागली. कापड आटलंय. मग थोडा वेळ ट्रायल रूममध्ये स्टुलावर बसले. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत.
ठराव: महिनाअखेरपर्यंत माझे चारही ड्रेस अंगात बसले पाहिजेत. बसले की मी जिंकले. टेपबिप काही नको. माणूस खोटं बोलेल, शिवलेली बाही बोलणार नाही.

२२ जानेवारी
राखाडी ड्रेस चढला. सहज. एका आठवड्यात. मीठ कमी केलं होतं (दोन दिवस) आणि सकाळी दहा वेळा हात वर करत होते (कधीकधी सात). मास्तरांना दाखवलं. तोंडात दोरा होता, त्यामुळे नुसती मान हलवली. कौतुक करणं या माणसाच्या पत्रिकेतच नाही.

३१ जानेवारी
चारही बसले. निळासुद्धा, आणि तो लग्नाआधीच्या अंगाचा आहे असं मी मानते.
दुसरी प्रेशरची बाही आली. पाकीट फोडलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाला कुबड्या कशाला? मास्तर म्हणाले, आणलीच आहे तर घालून बघ. त्यांना निळा ड्रेस दाखवला. मशीनवर जाऊन बसले.
फिजिओबाईंनी फोनवर आकडा विचारला. मी म्हटलं, सैल. त्या म्हणाल्या, सैल हा आकडा नाही. काही लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

८ फेब्रुवारी
कात्री जड झाली आहे. धारवाल्याकडे पाठवली. परत आली, तशीच जड. पुन्हा पाठवली. त्यानं निरोप दिला की कात्रीला काही झालेलं नाही, उगाच झिजवू नका. हल्ली कामात कुणाचं मन नसतं.
घड्याळ आता डाव्या हातात घालते. तसंच शोभतं.

१४ फेब्रुवारी
वकीलबाईंच्या काळ्या कोटाचं कटिंग तिरकं गेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारी दोननंतर हात टेबलावर टेकवून ठेवावासा वाटतो, तेवढ्यात कापड सरकलं. चूक कापडाची. मास्तर नवीन कापड आणायला गेले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

१९ फेब्रुवारी
ताप. परवा सुई टोचली होती, हात कोपरापर्यंत लाल झालाय, भट्टीसारखा गरम. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि म्हणाले, सुजलेल्या हातात इन्फेक्शन पटकन होतं. मी म्हटलं, सूज कुठाय, ड्रेस बघा. त्यांनी ड्रेस बघितला नाही, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पंख्याकडे.

१ मार्च
ताप उतरला, हातही थोडा उतरला. राखाडी ड्रेस उजवीकडे ढगळ वाटायला लागला. म्हटलं, बाही अर्धा इंच आत घेऊ. उसवली.
आत माया नावालाही उरलेली नव्हती. मी स्वतः दोन्हीकडे एकेक इंच जादा कापड ठेवलं होतं, ते सगळं सोडलेलं. वर काखेपासून कोपरापर्यंत एक पट्टी जोडलेली. कापड त्याच ड्रेसचं, घेराच्या आतल्या दुमडीतून काढलेलं. टाका मास्तरांचा. शेवटाला तीनदा मागेपुढे मशीन मारायची त्यांची सवय मोडता मोडता माझे केस पिकले. बाकी काम इतकं साफ की बाहेरून मलाही दिसलं नाही. मला.
बाकीचे तीनही उसवून बघितले. तीनही तसेच.
मुलीला फोन केला. तिला माहीत होतं. बाह्या सैल करू का, असं बाबांनी मला विचारलं होतं गं, म्हणाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.
हातानं दगा दिला तो एक वेळ परवडला, तो आजारी होता. मास्तर तर धडधाकट आहेत.

२ मार्च
बोलत नाही. जेवण वाढलं, पण बोलत नाही. गिऱ्हाइकांसमोर निरोप ओव्हरलॉकच्या मशीनकडे बघून देते.

३ मार्च
शेवटी तेच बोलले. म्हणाले, त्या दिवशी तू स्टुलावर बसलीस तेव्हा पडदा अर्धाच ओढलेला होता. मला बघवलं नाही. म्हटलं, पाव इंच सोडू, तेवढ्यानं तुला बरं वाटेल. पुढच्या आठवड्यात आणखी पाव इंच लागला. मग थांबायचं कुठे ते कळेना. प्रेशरची बाही घाल म्हणायला यायचो, तर तू ड्रेस दाखवायचीस. माझंच काम मला दाखवायचीस, मी काय बोलणार?
मी एकच विचारलं. दर आठवड्याला किती सोडायचं हे तुम्हाला कळायचं कसं?
त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही पुढे सरकवली.
शेवटचं पान. वर नाव नाही, नुसतं 'घरचं'. ११ जानेवारीपासून दर रविवारची तारीख. मनगट, कोपराखाली, कोपरावर, दंड. चारही ठिकाणं, फिजिओबाई म्हणाल्या तशीच. मी दुपारी जेवून आडवी झाले की मास्तर टेप लावायचे. कॅन्सरनंतरच्या गोळ्या अजून चालू आहेत, त्यांची झोप, मला पत्ता नाही. उजवा दंड पावणेबारा, बारा, सव्वाबारा, असं करत तेरा, आणि तापाच्या आठवड्यात चौदा. शेजारी डाव्याचं माप. अकरा, अकरा, अकरा.
अर्धा तास चूक शोधत बसले. एकच सापडली. मास्तर टेप ओढून धरतात, म्हणून मी त्यांना कधी गिऱ्हाइकांचं माप घेऊ देत नाही. म्हणजे खरा आकडा याहून जास्तच.

६ मार्च
फिजिओबाईंकडे. वही नेली होती. त्यांनी पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, जानेवारीत हे सोपं होतं. आता आधी रोज बँडेज, तीन-चार आठवडे तरी, मग नव्या मापाची बाही. उतरेल. पूर्वीसारखा होईल असं सांगू शकत नाही. कटिंग तोवर बंद. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
येताना मास्तरांवर रागावून बघितलं. बसथांब्यापर्यंत पुरला राग, पुढे पुरेना. ते खोटं शिवत होते आणि मी आवडीनं घालत होते. आणि पहिली बाही तर मीच उसवली होती.
वकीलबाईंचा कोट मास्तरांनी कापला. बरा कापलाय. मला वाईट वाटलं.

८ मार्च, रविवार
आज जागेपणी माप दिलं. बँडेज सोडून हात टेबलावर ठेवला. टेप इतका ओढू नका म्हटलं, तर इतका सैल धरला की गळून पडला. पुन्हा लावला. मास्तर आकडे सांगत गेले, मी या वहीत डाव्या हातानं लिहीत गेले. मनगट सात. कोपराखाली सव्वादहा. कोपरावर बारा. दंड पावणेचौदा.
मी साडेतेरा लिहिलं.
मास्तर शेजारी उभे राहून वहीत बघत होते. 
खोडलं. पावणेचौदा.