काट्यावरचं कुंकू

आई, तुझ्या नातीबद्दल सांगायचंय. तू तिला पाहिलं नाहीस, ती झाली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तिने जे केलं, ते तुझ्या कानावर गेलं असतं तर तू पदर खोचून अख्ख्या कॉलनीत सांगत सुटली असतीस, आणि तिच्यासमोर मात्र "बरं केलंस" एवढंच म्हणाली असतीस. मला ठाऊक आहेस तू. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट कबूल करते, म्हणजे पुढचं कळेल. मी घरी काडतुसं भरते. इथे, मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशिनच्या शेजारी. ज्या कामापासून मला लांब ठेवायला तू जन्मभर खपलीस, कॉलेजची फी भरलीस, इंजिनियर केलंस, ते काम तुझी मुलगी शनिवारी हौसेने करते. हस आता पोट धरून.

सुरुवात शेजारच्या म्हाताऱ्यापासून झाली. एकटा राहायचा, गाड्यांच्या कारखान्यातून टूलरूमचा माणूस म्हणून रिटायर झालेला. लेक शाळेत असताना त्याच्याबरोबर क्लबला जायला लागली. तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि बंदुकीने त्या फोडायच्या, कुणाचा जीव जात नाही. ह्यांनी आधी घर डोक्यावर घेतलं, "आपल्या घरात बंदूक? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "माझ्या आईने दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरून मला वाढवलंय, तुम्ही मला बंदुकीची भीती घालू नका." क्लबच्या फॉर्मवर मग ह्यांनीच सही केली. इथल्या मराठी मंडळात मात्र कुजबुज व्हायची ती झालीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमची ही म्हणे गोळीबार करते? मेडिकलला नाही का लावत?" म्हटलं, लावते की, तबकड्या संपल्या की लावते.

म्हाताऱ्याकडे त्याच्या आजोबांची एक जुनी दुनळी होती, सोळा बोअरची. तिच्या नळ्या इतक्या जुन्या की दुकानातल्या काडतुसांचा जोर तिला झेपत नाही, हातातच फुटायची, आणि लांबीलाही ती बसत नाहीत. म्हणून तिच्यापुरती काडतुसं घरीच भरायची, मापात, हलकी. वापरलेलं टरफल घ्यायचं, मागची फुटलेली टोपी काढून नवी बसवायची, बंदुकीची दारू एकेका काडतुसाची वेगळी तोलून घालायची, वर बूच, वर छर्रे, आणि मग तोंड मिटायचं, मोदकाचं मिटतो तसं, कळ्या पाडून. तुझ्या नातीला मोदकाच्या कळ्या आजतागायत जमलेल्या नाहीत, पण तिने मिटलेलं काडतूस बघितलंस तर हातात घेऊन फिरवत बसशील. हात थरथरायला लागले तेव्हा म्हाताऱ्याने भरायचं यंत्र, तोलायचा काटा, सगळं सामान आमच्याकडे आणून ठेवलं आणि ती दुनळी लेकीला देऊन टाकली. मला शिकवायला बसला तर मी पहिल्यांदा लेकीला नायलॉनचं जॅकेट काढून सुती शर्ट घालायला लावला. इथल्या थंडीत हवा इतकी कोरडी होते की दाराची मूठ धरली तरी ठिणगी बसते. म्हातारा म्हणाला, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माय मदर." दुसऱ्या शनिवारी तोही सुती शर्टात आला.

तू रोज सकाळी निघताना आठवतेस. स्वयंपाकघरात, खिडकीच्या खिळ्याला मंगळसूत्र अडकवतेस, बांगड्या काढून डब्यावर ठेवतेस, हेअरपिना, साडीची पिन, सगळं. धातूचं काही अंगावर न्यायचं नाही, रेशीम नाही, नायलॉन नाही. मोकळ्या गळ्याने तू जिना उतरतेस आणि समोरच्या काकू नळावर उभ्या राहून म्हणतात, "काय बाई, नवरा धडधाकट असताना असं रिकाम्या गळ्याने!" तू थांबलीससुद्धा नाहीस. "अहो, घालून गेले आणि उडाले तर ह्यांना दुसरी बघावी लागेल. तुमची धाकटी आहे ना लग्नाची?" नळावर जो हशा पिकला! मी तेव्हा लाजेने मेले होते. आता ही गोष्ट मी इथे चारचौघांत सांगते आणि शेवटी स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसते. तुझा असा अभिमान वाटतो ना आई, की काय सांगू. तुझ्या हाताखालच्या पोरींना तू किती धाकात ठेवायचीस, पण तुझ्या सेक्शनमधून रोज सगळ्या जणी धड घरी गेल्या.

तर गेल्या वर्षीची खंडेनवमी. यंत्राची, काट्याची पूजा करायची असं मी ठरवलं. लेक युनिव्हर्सिटीतून घरी आली होती, कारण रविवारी क्लबात जुन्या बंदुकांचा सामना होता. दरवर्षी म्हातारा त्यात ती दुनळी घेऊन उतरायचा. या वर्षी त्याला उभं राहवत नव्हतं. आजार पुढे गेला होता, पुढचा ऑक्टोबर तो बघणार नाही हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. त्याने लेकीला एवढंच सांगितलं होतं, "तू उतर. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय." आणि आमचे हे, महाशय, बेसमेंटच्या जिन्यावरून ताटात पेटलेलं निरांजन घेऊन खाली येतायत! मी अशी किंचाळले की ताट हातातून पडायचं राहिलं. तुमच्या सेक्शनची खंडेनवमी दिव्याशिवाय, उदबत्तीशिवाय व्हायची, नुसतं कुंकू आणि झेंडू, हे तू सांगितलेलं मला चोख आठवत होतं. त्याची मला इतकी ऐट की मी यंत्राला कुंकू लावलं, आणि काट्यालाही लावलं, ओलं करून, ठसठशीत. पारड्याला खालच्या बाजूने, म्हणजे वर घाण नको. तुम्ही तिथल्या काट्यांना लावायचात का गं? हे विचारायचं राहून गेलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी दारू तोलून काडतुसं भरली. काटा शून्यावर आणला तेव्हा कुंकू पारड्याखाली होतंच, त्याच्यासकट शून्य झालं. मग ते वाळलं, आणि भरता भरता कधीतरी त्याचा पापुद्रा सुटून पडला. पारडं हलकं झालं, आणि तिथून पुढे प्रत्येक काडतुसात तेवढी दारू जास्त गेली. माझ्या लक्षात आलं नाही. रविवारी सकाळी निघताना लेकीने डब्यातलं एक काडतूस उघडलं. भरलेल्यातलं एक फोडून बघायचंच, हा म्हाताऱ्याचा दंडक. चहा घेता घेता मी ऐकते, ती खालून हाक मारते. "आई, कम हिअर." काटा पुन्हा शून्यावर आणून आतली दारू तोलली, तर जास्त. दुसरं फोडलं, बरोबर. तिसरं पुन्हा जास्त. मग तिने पारडं उलटं केलं. अर्धं कुंकू होतं, अर्धं नव्हतं. "सीरियसली, आई? स्केलवर कुंकू?" कुठली बरोबर आणि कुठली जड, बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि सगळी फोडून पुन्हा भरायला वेळ नाही. तिने डबा उचलला, सगळा वेगळा ठेवला आणि म्हणाली, "धिस हॅज टु गो. सगळं."

मला तुझी परात दिसली. पाहुणे बाहेर बसलेत, ओट्यावर काचेचा ग्लास फुटलाय, मळलेल्या कणकेपासून हातभर लांब. मी म्हणते, आई, इकडे एक तुकडासुद्धा आलेला नाही. तू सगळी कणीक उचलून टाकून देतेस. मी रडते, तर म्हणतेस, "संशय आला ना? मग ती कणीक राहिली नाही." पाहुण्यांना पोहे केलेस, वर पोळ्या का नाहीत हेही हसत सांगितलंस. ही गोष्ट मी लेकीला कधी सांगितलेली नाही, देवाशप्पथ. कुठून आलं तिच्यात?

बंदूक घेऊन आम्ही क्लबात गेलो, काडतुसांशिवाय. "फोनवर सांग की," मी म्हटलं. "नो, त्याच्या तोंडावर सांगणार," ती म्हणाली. म्हातारा व्हीलचेअरवर, मांडीवर घोंगडी, थंडीने नाक लाल, आणि चेहरा लग्नाला आल्यासारखा. तिने सगळं सांगितलं. मी मध्ये पडले, म्हटलं चूक माझी, आम्ही वर्षातून एकदा हत्यारांना लाल पूड लावून नमस्कार करतो. त्याने विचारलं, "म्हणजे तू काट्याला आशीर्वाद दिलास?" आजूबाजूचे हसले. मग त्याने हात झटकला. किती जास्त आहे, चिमूटभर? त्याच्या बापाने याहून जड काडतुसं या बंदुकीतून झाडली होती म्हणे. "जा, घरून डबा घेऊन ये, वेळ आहे अजून. माझी बंदूक आहे, मी सांगतो." लेक त्याच्या खुर्चीपुढे उकिडवी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही. "आता माझी आहे," ती म्हणाली. "आय ॲम सॉरी. नो." त्याने तोंड फिरवलं. तो पुढे दुपारभर तिच्याशी बोलला नाही आणि ती त्याच्या शेजारून उठली नाही. दुसऱ्यांच्या बंदुका वाजत होत्या, ती त्याला कॉफी आणून देत होती, तो घेत होता.

तिने सोमवारी काटा धुऊन पुसून नव्याने काडतुसं भरली, क्लास बुडवून. शनिवारी त्याला क्लबात न्यायचं ठरलं होतं. गुरुवारी तो हॉस्पिटलमध्ये गेला, तिथून परत आला नाही. तिच्यावर राग धरून मात्र गेला नाही. शेवटच्या भेटीत नर्सला तिची ओळख करून दिली, म्हणाला, हिने भरलेलं काडतूस मी डोळे मिटून झाडेन. पण त्या बंदुकीचा आवाज त्याला ऐकायला मिळाला नाही तो नाहीच. लेक त्यावर रडली, खूप रडली, पण "झाडलं असतं तर" असं एकदाही म्हणाली नाही. मी विचारलंसुद्धा, बरं वाटतंय का तुला? ती म्हणाली, "वाईट वाटतंय. पण आय वुड डू इट अगेन." अगं, वीस-एकवीस वर्षांची पोर! त्या दिवसापासून मी जमिनीवरून चालत नाही. मंडळात कुणी भेटलं की मी हा किस्सा सांगते, ऐकणाऱ्याला काडतूस म्हणजे काय ते कळो न कळो. परवा त्या मेडिकलवाल्या काकूंनाच सांगितला, तर त्या म्हणाल्या, "खंबीर आहे हो पोरगी, तुमच्यावर गेलीय." मी नाही म्हटलं नाही.

आता एप्रिल आलाय, बर्फ गेलं. हे पत्र पाठवायचं तर पत्ता नाही, आणि लेकीला वाचून दाखवायचं तर हिंमत नाही, म्हणून घडी घालून ठेवून देईन. कारण त्या दिवशी मैदानात, म्हाताऱ्याने तोंड फिरवलं तेव्हा, मला वाटत होतं की तिने जावं आणि डबा घेऊन यावं. चिमूटभरच तर आहे, झाड गं, काही होत नाही, त्याला एकदा ऐकू दे, असं मी मनात घोकत होते. मी, तुझी मुलगी. तिने वळून एकदा माझ्याकडे बघितलं असतं ना, तर मी मान हलवून हो म्हटलं असतं. तिने बघितलंच नाही.