सात पदार्थांचा नाश्ता

३ तारीख, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

मालकीणबाईंनी माझा प्लॅन मंजूर केला. एक महिना ट्रायल. आपल्या हॉटेलात नाश्त्याला चौतीस पदार्थ असतात, उद्यापासून सात. ब्रेड, लोणी, जॅम, उकडलेली अंडी, केळी, ओट्स, चहा-कॉफी. चहा आणि कॉफी एकच धरले आहेत. वेगळे धरले तर आठ होतात आणि कार्डं छापून झाली आहेत.

गेस्टला चॉइस नको असतो, शांती हवी असते. हे मी दाताच्या डॉक्टरकडे एका मासिकात वाचलं. लेख अर्धा झाला आणि माझा नंबर आला. पण मुद्दा कळला.

ऑम्लेट वगैरे करून द्यायचं अंड्यांचं काउंटर बंद. तिथे सतरा वर्षं उभ्या असलेल्या मावशींना तिसऱ्या मजल्यावर चादरींच्या घड्या घालायचं काम दिलं. बसून काम, धूर नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, माझ्या हातून काही चुकलं का?" मी म्हटलं, अजिबात नाही, ही सिस्टिम आहे. त्या बरं म्हणाल्या. अ‍ॅप्रन काढला, नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवला. माझ्याच टेबलावर का, ते कळलं नाही.

४ तारीख, मंगळवार, सकाळी ११

पहिला दिवस यशस्वी. तक्रारी फक्त चौदा.

एका गृहस्थांनी ऑम्लेट मागितलं. मी समजावलं की ऑम्लेट म्हणजे शेवटी अंडंच, आणि अंडं आहे. ते म्हणाले, तसा पलंग म्हणजे शेवटी लाकूडच, उद्यापासून खोलीत ओंडका ठेवा. विनोदी माणूस. पोट भरल्याशिवाय विनोद सुचत नाही.

बाराव्या खोलीतले आजोबा बंद काउंटरपुढे स्टीलचा छोटा डबा घेऊन उभे होते. तीन आठवडे आपल्याकडे आहेत. त्यांना पाटी दाखवली: खाद्यपदार्थ हॉलबाहेर नेऊ नयेत. पाटी मीच लावली आहे. आजोबा बरं बरं म्हणाले, डबा पिशवीत घातला आणि गेले. बघा, माणूस दोन मिनिटांत जुळवून घेतो.

काल रात्री घरी बायकोला सिद्धान्त समजावला. ती म्हणाली, शर्ट निवडायला तुला वीस मिनिटं लागतात, तेव्हा तुझ्यापुरतं खरं असेल. तिला मॅनेजमेंट कळत नाही.

६ तारीख, गुरुवार

फीडबॅकचे एकोणीस फॉर्म आले. सतरा वाचण्यासारखे नाहीत. एकावर नुसतं केळं काढलं आहे. तो समाधानी धरला.

संकल्प: नकारात्मक फॉर्म मनाला लावून घ्यायचे नाहीत. खालच्या खणात ठेवले. खण आता लागत नाही.

७ तारीख, शुक्रवार

मालकीणबाईंना फॉर्म बघायचे आहेत. बरेच गेस्ट समाधानी असतात पण लिहायचा कंटाळा करतात. त्यांच्या वतीने पाच फॉर्म भरले. याला खोटं म्हणत नाहीत, मदत म्हणतात. एक डाव्या हाताने भरला: 'इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नाश्ता करून मन हलकं झालं.' लिहिताना माझेच डोळे पाणावले.

१० तारीख, सोमवार

तिसऱ्या मजल्यावर लोण्याचा वास. माग काढत गेलो. स्टाफच्या पँट्रीत मावशी छोट्या शेगडीवर अंडी हलवत होत्या, अगदी मंद आचेवर. शेजारी तोच स्टीलचा डबा. त्या काही सांगायला लागल्या. मी म्हटलं, कारणं नकोत. तिथल्या तिथे मेमो दिला. त्यांनी न वाचता सही केली आणि शेगडी बंद केली. अंडी अर्धी कच्चीच राहिली. मी म्हटलं, पर्सनली घेऊ नका.

नियम सगळ्यांना सारखा. मेमोवर तारीख दोनदा चुकली. आज कॉफी जास्त झाली.

११ तारीख, मंगळवार

रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. आजोबांची बायको समोरच्या हॉस्पिटलात आहे. घशाचं ऑपरेशन झालंय. तिथलं काही गिळवत नाही, मावशींची ती मऊ अंडी तेवढी घशाखाली उतरतात. रोज सकाळी चार घास. काउंटर बंद झाल्यावर मावशी वर करून द्यायच्या. काल डबा गेला नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य दिवसभरात सात-आठ वेळा मनात म्हणून पाहिलं. दर वेळी पँट्रीत मावशी तोंड उघडतात आणि मी म्हणतो, कारणं नकोत.

संकल्प: उद्या स्वतः अंडी करून आजोबांना द्यायची. मेमो मागे घेता येणार नाही, फाइलला लागला आहे.

१२ तारीख, बुधवार, सकाळी ८

पहिली अंडी तव्याला चिकटली. दुसऱ्या वेळी रबर झालं. तिसरी बरी दिसत होती. कपात भरली, वर बशी ठेवली, बाराव्या खोलीवर गेलो.

दार उघडं. पलंगावरची चादर काढलेली. आजोबा कालच गेले. हॉस्पिटलमागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली, तिथे शेगडी आहे म्हणे.

जिन्यात उभा राहून अंडी मीच खाल्ली. कडक होती. त्यांच्या बायकोला गेली नसती.

१४ तारीख, शुक्रवार

मालकीणबाईंनी बोलावलं. मन हलकं झालेला फॉर्म त्यांनी मोठ्याने वाचला. या गेस्टना आभाराचं पत्र पाठवू म्हणाल्या. फॉर्मवर खोली नंबर सत्तावीस. मी म्हटलं, हो हो, फार सज्जन माणूस.

बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आपल्याकडे सव्वीस खोल्या आहेत."

यावर मी काय बोललो ते लिहिणार नाही. लिहितो. मी म्हणालो, पुढेमागे वाढवायच्या आहेतच ना.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खालचा खण उघडायला लावला आणि सतराच्या सतरा फॉर्म माझ्यासमोर बसून वाचले. केळंसुद्धा. मावशींचा मेमो स्वतःच्या हाताने फाइलमधून काढला. सोमवारपासून सगळे पदार्थ परत, मावशी परत काउंटरवर.

१७ तारीख, सोमवार

मावशींपुढे रांग. कुणाला काय लागतं हे त्यांना विचारावं लागत नाही. त्यांच्याशी बोलायचं म्हणून दोनदा जवळ गेलो. दोन्ही वेळा टोस्टरचा प्लग तपासून परत आलो. टोस्टर उत्तम चालतो.

नाश्ता आटोपला की मावशी डबा भरतात आणि आजोबांच्या नव्या खोलीवर नेऊन देतात. शेगडी असली तरी आजोबांना ती अंडी जमत नाहीत. मालकीणबाईंना हे माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

संकल्प: उद्या आजोबांकडे जाऊन माफी मागायची. आडवळणं नकोत. 'हुकूम माझा होता.' आरशापुढे म्हणून पाहिलं. तीनच शब्द आहेत. जमेल.

१८ तारीख, मंगळवार, दुपारी १२

गेलो होतो. दुसरा मजला, अंधारा जिना. खोलीत एकच खुर्ची, ती आजोबांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले. पाणी दिलं. बायको बरी आहे, परवा घरी सोडतील म्हणाले. मी सुरुवात केली की त्या दिवशी काउंटरपाशी तुम्ही डबा घेऊन आला होतात. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? वरून हुकूम आल्यावर तुम्ही तरी काय करणार?"

हीच वेळ होती.

मी म्हणालो, "हो ना."

ते म्हणाले, नोकरी म्हणजे असंच, जन्मभर आम्हीही तेच केलं. तरी तुम्ही एवढं मनाला लावून घेतलंत, मुद्दाम आलात, असं कोण करतं? मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

उठलो तर मावशी दारात. हातात डबा. कधीच्या उभ्या होत्या ते माहीत नाही. चेहऱ्यावरून वाटलं, पुरेशा वेळच्या. आता सांगतील असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर सांगावं असंही वाटलं. त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. बाजूला सरकून मला वाट दिली.

"सांभाळून उतरा, साहेब," त्या म्हणाल्या. "खालची पायरी मोडलीय."

रस्त्यावर थोडा वेळ थांबलो. परत वर जाऊन सांगता आलं असतं. दोनच जिने होते.

ऑफिसात आलो.