खिडकीजवळची खुर्ची

सन्माननीय साहेब (वय वर्षे अकरा, मुक्काम ताईचं घर, तळमजला) यांस मामाचा वाकून नमस्कार.

मामाने भाचीला आशीर्वाद द्यायचे असतात हे मला ठाऊक आहे, पण सध्या माझ्याकडे ते शिल्लक नाहीत; का, ते पुढे येईलच. तुझा खोकला गेला असेल, खुर्चीचं डावं चाक अजून कुरकुरत असेल (तेल आणतो म्हणालो होतो, तेही राहिलंच), आणि ताई नेहमीप्रमाणे कुणाला तरी फैलावर घेत असेल, असं धरून चालतो. तुम्ही दोघी म्हणाल, दोन गल्ल्या ओलांडल्या की घर, मग हा माणूस पत्र कसलं लिहितोय? तर साहेब, मी समोर आलो की तू भुवया वर करून प्रश्न विचारतेस आणि तिसऱ्या प्रश्नाला माझी बोबडी वळते. (घरात तुला साहेब म्हणतात ते काही उगाच नाही.) म्हणून हे पत्र दाराखालून सरकवणार आणि बेल न वाजवता पळणार. त्रेपन्न वर्षांचा गणिताचा मास्तर गल्लीतून पळताना दिसलाच, तर शेजारच्यांना सांग, व्यायाम करतोय.

तुला आमच्या शाळेत सहावीत घ्यावं म्हणून मी वर्षभर काय काय केलं ते तुला पाठ आहे, कारण रोज संध्याकाळी येऊन मीच ते सांगत होतो. तुझ्या आत्ताच्या शाळेला मी नावं ठेवत नाही. तिथल्या बाई मायेच्या आहेत. पण जायला एक तास, यायला एक तास, आणि गणित दोन वर्षं हातच्याच्या वजाबाकीवर येऊन थांबलंय. इकडे तू शेजारच्या मैत्रिणीचं सहावीचं पुस्तक मागून आणून अपूर्णांकांचा फडशा पाडतेस. तिचा गृहपाठ कोण करतं हे मला अक्षरावरून कळतं बरं का. (वर्गात मी काही बोललेलो नाही. दहापैकी दहा देतो आणि गप्प बसतो.) तुझे गुण दुसरीच्या नावावर किती दिवस जमा करायचे, या रागाने मी पेटलो. अर्ज लिहिले. ‘सगळ्या मुलांची एकच शाळा’ असा फलक करून फाटकापाशी तासभर उभा राहिलो, आणि तो उलटा धरलाय हे तासाभरानंतर एका पालकाने सांगितलं. पालकसभेत ‘हा हक्क आहे, उपकार नव्हेत!’ म्हणून टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा पेला थेट मोठ्या बाईंच्या मांडीवर गेला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी शांतपणे साडी झटकली आणि म्हणाल्या, सहावी दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही; तळमजल्यावर एक खोली दाखवा, अख्खा वर्ग खाली आणते.

मग काय विचारतेस! दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन निघालो. तुझ्या खुर्चीची रुंदी आणि वळायला लागणारी जागा तळहातावर लिहून घेतली होती. प्रयोगशाळेला चार बोटं उंच उंबरा, आणि टेबलं जमिनीत ठोकलेली. वाचनालयाचं दार इतकं अरुंद की टेप काढायची गरजच पडली नाही, माझ्या पोटाने माप दिलं. अडगळीच्या खोलीत हरवलेल्या छत्र्या आणि हाडांचा सापळा. शेवटची खोली मात्र बघण्यासारखी निघाली: रुंद दार, उंबरा नाही, शेजारी स्वच्छतागृह, भरपूर उजेड, आणि मागच्या फाटकापासून थेट तिथपर्यंत एकही पायरी नाही. सापडली, सापडली म्हणून मी ओरडत सुटलो. काय झालं ते बघायला सगळे शिक्षक धावत बाहेर आले, त्याच खोलीतून. ती आमची शिक्षकांची खोली होती.

अठरा वर्षं मी तिथे बसतोय. खिडकीजवळ वेताची खुर्ची आहे, तिच्यावर ताईने शिवून दिलेली उशी आहे, आणि पाचव्या तासाला मला वर्ग नसतो. त्या तासाला मी डोळे मिटून विचार करतो. (घोरण्याचा आरोप सिद्ध झालेला नाही.) सहावी खाली आली तर आमची खोली दुसऱ्या मजल्यावर जाणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. बाकीच्यांच्या माझ्याआधीच शिरलं होतं.

सभेला अकरा शिक्षक होते आणि बावीस गुडघे. एरवी ज्यांचं अस्तित्व कुणाला माहीत नव्हतं ते गुडघे त्या दिवशी एकेक करून बोलायला लागले. भाषेच्या बाईंचा डावा, चित्रकलेच्या सरांचे दोन्ही. सुट्टीत डोंगर चढून फोटो दाखवत फिरणारे विज्ञानाचे सर म्हणाले, रोज दोन जिने म्हणजे छळ आहे. साहेब, दोन जिने चढायला लागतील म्हणून मोठी माणसं रडत होती, आणि कुणामुळे हा विषय निघाला ते एकाच्याही लक्षात येत नव्हतं. माझ्या आलं होतं. मी खाली बघून उशीची उसवलेली शिवण चाचपत बसलो. मग चिठ्ठ्या झाल्या, खडूच्या रिकाम्या खोक्यात. पाच जण उघडपणे विरोधात होते. उरलेले सहा आपले. चिठ्ठ्या मोजायचं काम अर्थातच गणिताच्या मास्तराकडे. ‘हो’ पाच, ‘नाही’ सहा. मी दोनदा मोजल्या.

आपल्यातलं कोण फुटलं? सगळ्यांच्या नजरा खेळाच्या सरांकडे वळल्या, कारण त्यांचे चेंडू आणि जाळ्या त्याच खोलीच्या कपाटात असतात. ते वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. मग मी तोंड सोडलं. एका मुलीचं वर्ष तुमच्या चेंडूंपुढे काहीच नाही का, असं सगळ्यांदेखत सुनावलं, आणि त्यांच्या कपाशेजारचा माझा कप उचलून लांब ठेवला. तेव्हा फार बरं वाटलं. तर अशी आमची शाळा. तिच्या वतीने तुझी क्षमा मागतो.

तुझा,
(शाळेमुळे शरमिंदा) मामा

ता. क. खेळाचे सर काल माझ्याकडे आले. शाळेच्या नियमांचं जुनं पुस्तक त्यांनी शोधून काढलंय. मतदान आठ दिवसांत पुन्हा घेता येतं, पण ते मागायचा अधिकार ज्याने ‘नाही’ म्हटलं त्यालाच. ते पाच जण काही मागणार नाहीत. म्हणून सर म्हणाले, मीच उभा राहतो आणि सांगतो की सहावं ‘नाही’ माझं होतं, आता मत बदललंय. त्यांनी तर ‘हो’ लिहिलं होतं गं! जाळ्या, चेंडू सगळं मतदानाच्या आदल्या दिवशीच जिन्याखाली हलवलं होतं. म्हणाले, आळ आलाच आहे, तर त्याचा पोरीला उपयोग तरी होऊ दे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, काय मोठं मन तुमचं! खरंच म्हणालो. या तोंडाने.

आणखी ता. क. सहावी चिठ्ठी माझी होती. आधी काही ठरवलं नव्हतं, तुझी शप्पथ. पेन्सिल हातात होती, उशीवर ऊन आलं होतं, आणि वाटलं, माझ्या एकट्याच्या ‘नाही’ने काय होतंय, बाकीचे आहेतच. गणिताचा मास्तर, आणि सहातून एक वजा करता आला नाही. तुझी खुर्ची आत यायची तर माझी बाहेर जायला हवी होती, एवढंच होतं ते. लाज वाटते साहेब, फार लाज वाटते. ताईला सांगायचं की नाही ते तू ठरव. (नाही सांगितलंस तर आयुष्यभर ऋणी राहीन. सांगितलंस तर उशी परत मागेल, आणि ते बरोबरच होईल.)

शेवटचं ता. क., आणि पत्र खरं यासाठीच आहे. शुक्रवारी चार वाजता त्याच खोलीत सभा आहे. खेळाचे सर उभे राहायच्या आत मला उभं राहायचंय. पण मी स्वतःला चांगला ओळखून आहे, आणि ती खुर्ची फार मऊ आहे. म्हणून तू ये. मागच्या फाटकाने ये, एकही पायरी नाही, दारातून तुझी खुर्ची अडखळणार नाही, मी मोजलंय. दारातच थांब आणि माझ्याकडे बघ, भुवया वर करून. तरीही मी उठलो नाही, तर हाक मार. मामा म्हणून मारू नकोस. सर म्हण. आमच्या वर्गातली सगळी मुलं तेच म्हणतात.