तिपायांचे दिवे होऊ नयेत म्हणून

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कॅमेऱ्यांच्या व मोजणीच्या यंत्रांच्या लाकडी तिपाया बनवणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कारखान्याचे दार आतून लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला दोघेतिघे टपलेले आहेत, म्हणून तर कडी लावली. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टर का हसले, हे मला अजून कळलेले नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्यावर माझा विश्वास आहे. ती म्हणते, "तुमचा विश्वास म्हणजे कुलूप लावून वर दोनदा ओढून बघणं." ओढून बघतोच. तिपाईवर यंत्र ठेवण्याआधी माथ्यावर अंगाचा भार टाकून दाबून बघायचे, हा वडिलांनी शिकवलेला पहिला नियम. कुलपाला निराळा नियम कशाला?

कलम २. धाकट्या भावाला माझ्या पितळी ओळंब्याची दोरी. फक्त दोरी. ओळंबा त्याने घराच्या भिंतीसाठी म्हणून नेला, आणि विचारले की म्हणतो, "दादा, मी कधी नेला?" ही दोरी तो कशाला बांधतो, यावर पत्नीने नजर ठेवावी.

कलम ३. आता मुख्य. वडिलांच्या हातच्या तीन तिपाया कारखान्यात आहेत: मोठ्या प्लेट कॅमेऱ्याची, जमीन मोजायच्या दुर्बिणीची, आणि तारे बघायच्या दुर्बिणीची, ती सगळ्यांत उंच. हल्ली असल्या मालाला भाव आला आहे, पण यंत्रांसाठी नव्हे. सजावटवाले माथ्याला भोक पाडतात, बल्ब बसवतात, वर शेड चढवतात आणि कोणाच्या तरी सोफ्याशेजारी दिवा म्हणून उभा करतात. वडिलांच्या तिपाईला भोक! माझ्या मागे हे होता कामा नये. एवढ्यासाठीच हा कागद लिहायला घेतला.

मुलगा उघड बोलतो. "बाबा, नुसत्या धूळ खातायत. एकानं विचारलंय, चांगला माणूस आहे." त्या चांगल्या माणसाची गाडी गल्लीत घिरट्या घालते. शिवाय मुलाला तिपाई कळत नाही. प्रत्येक पाय आपापल्याच खाचेत घासून बसवलेला असतो, म्हणून पायावर आणि माथ्यावर जुळत्या खुणा असतात: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. हे सांगून सांगून घसा कोरडा झाला. तरी शाळेच्या सामूहिक फोटोला त्याने दोनचा पाय तीनच्या जागी घातला. कॅमेरा तोंडावर आपटला आणि हेडमास्तर समोर हसरा चेहरा करून तसेच बसलेले. चिरंजीव आजही म्हणतात, स्क्रू ढिला होता.

सूनबाई बोलत नाही, आणि मला भीती तिचीच जास्त. गेल्या महिन्यात ती उंच तिपाईला टेप लावून उभी होती. "काय गं, काय मोजतेस?" तर म्हणाली, "काही नाही बाबा, सहजच." सहज कोणी माथ्याचा घेर मोजते? तो शेडचाच घेर. शिवाय कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे तिची कुजबुज चालते आणि मला पाहिले की दोघेही गप्प. शेडला कापड लागतेच. पाणी कुठे मुरते आहे ते मला समजते. सबब मुलगा व सूनबाई, दोघांनाही कारखान्याच्या किल्लीला हात लावू देऊ नये. तिपाया संग्रहालयाला द्याव्यात, जरी तिथला रखवालदारही मला सरळ वाटला नाही.

कलम ४. इथवर लिहिले आणि दारावर थाप पडली. माझ्या वकीलसाहेबांनी धाडलेले साक्षीदार आले. एक शेजारचा चष्मेवाला आणि दुसरा, घ्या, तोच शिंपी! वकीलसाहेबांना दुसरे कोणी मिळालेच नाही म्हणे. शिंप्याच्या काखेत गठ्ठा. मी म्हटले, "आधी तो उघडा."

"अहो काका, सूनबाईंचं काम आहे. इतक्यात सांगायचं नव्हतं."

गठ्ठ्यातून जाड कॅनव्हासची खोळ निघाली. माथ्यासाठी गोल टोपी, खाली पायांसाठी तीन कप्पे.

"छत गळतंय, लाकूड फुगेल म्हणाल्या. विचारलं तर तुम्ही हातही लावू देणार नाही, म्हणून गुपचूप."

मी खोळ उलटीपालटी करून पाहिली. एका कप्प्यावर लाल दोऱ्याची एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन.

"या रेघा तुमच्या डोक्यातून निघाल्या?"

"छे हो, मला काय कळतंय त्यातलं! समोर बसून घालून घेतल्या त्यांनी. म्हणाल्या, पायांची अदलाबदल झाली तर बाबा जेवायचे नाहीत."

मला रडू आले. चष्मेवाल्याला मी डोळ्यांत धूळ गेली म्हणालो, पण मृत्युपत्रात खोटे लिहिता येत नाही.

कलम ३ खोडत नाही. खाडाखोड पाहिली की लोकांना संशय येतो. दोन कलमांत विरोध असेल तर नंतरचे चालते, असे वकीलसाहेब सांगतात. तेव्हा कारखाना, हत्यारे, तिन्ही तिपाया आणि किल्ली सूनबाईला. मुलाने तिला विचारून आत यावे, आणि तिने आधी त्याच्याकडून एक तिपाई जुळवून घ्यावी.

ती या घरात आल्यापासून मी तिच्यावर भार टाकून बघतो आहे. ती जरासुद्धा हलली नाही.

साक्षीदार:
१. चष्मेवाला (सही)
२. शिंपी (सही. टोपीची शिवण एका जागी ढिली आहे, ती पक्की करून द्यावी.)

लिहून देणार: तिपाईवाला (सही)
दिनांक: १९ मे
ठिकाण: कारखाना. दार उघडे.