एकदाच ऐकलेला अल्बम

माऊन, रविवार

प्रिय ओतेंगदादा,

काल राजधानीत, गाबोरोनच्या रेडिओवर, तुझ्या संगीत-समीक्षेच्या कार्यक्रमात बाबांच्या बँडच्या अल्बमविषयी तू म्हणालास, "एकदा ऐकला, संपला. पुन्हा लावावासा वाटत नाही, म्हणजे वायाच." हा निवाडा देण्याचा अधिकार तुला कोणी दिला?

बाबा गेल्यावर वर्षभर आई काळ्या वस्त्रांत होती. घरात गाणे वर्ज्य होते. ती वस्त्रे उतरवण्याच्या दिवशी तू आला नाहीस. बाबांच्या बँडमधले रॉकवाले मित्र मात्र भर उन्हात चामड्याची काळी जाकिटे घालून अंगणात हजर झाले. आत्या खेकसली, "मेल्यांनो, आज काळं उतरवायचंय, आणि तुम्ही काळं घालून आलात?"

त्यांच्यातले ट्रॅक्टरमामा म्हणाले, "ताई, आमच्याकडे दुसरा रंगच नाही!"

वर्षभरात आई प्रथमच हसली. मग त्यांनी बाबांसाठी केलेला तो अल्बम लावला. गिटारी किंचाळत होत्या आणि आई शेवटच्या गाण्यापर्यंत नाचली, रडली, बाबांना शिव्या देत राहिली.

"पुन्हा लावू?" मी विचारले.

"नको गं. झालं माझं त्याच्याशी बोलून."

दादा, कबरीत मूठभर माती आपण एकदाच टाकतो. तीही वाया गेली म्हणशील?

काल कार्यक्रम संपल्यावर आईने विचारले, "ओतेंग काय म्हणाला गं?" वीज गेली होती, काही ऐकताच आले नाही, असे मी सांगितले. तर तिने शेजारणीला सांगून टाकले, "माझ्या लेकाने तोंडभरून कौतुक केलं असणार!"

आता आपले भांडण पेटले तर तिला खरे कळेल, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. मात्र घरी येशील तेव्हा ते कौतुक तिच्यासमोर तुलाच करावे लागेल.

तुझ्यावर संतापलेली,
केनेइल्वे