हलका चाप

बाबा, तुम्ही त्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलली होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला आता मी प्लास्टिकचा हार घालून टाकलाय, रोजची कटकट नको म्हणून. पण हे एक वाक्य मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं आणि ते न बोलताच तुम्ही गेलात. म्हणून मीच लिहिते. जिथे कुठे असाल तिथेही चार जणांना गोळा करून सांगत असाल की आमच्या पोरीच्या बोटात जीव नव्हता.

वर्ध्याच्या कापूस बाजाराकडच्या रस्त्यावरचं आपलं बंदूक दुरुस्तीचं दुकान. गिरडकडचे शेतकरी रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुका घेऊन येतायत, तुम्ही बुटक्या स्टुलावर बसून त्यांच्यावर ओरडताय, ‘बंदूक आहे का कुदळ आहे ही?’ आणि मी तुमच्या खांद्यामागून बॅटरीचा उजेड धरून उभी आहे. उजेड जरा हलला की माझ्यावरही ओरडा. पण शिकवलंत तुम्ही, ते नाकारत नाही. काडतुसावर पडणाऱ्या घोड्यामागची स्प्रिंग ताठ असली तर घोडा जोरात आदळतो आणि गोळी हमखास सुटते, पण बोटाला झगडावं लागतं. स्प्रिंग नरम केली की बोट खूश, आणि घोडा नुसता टिचकी मारून थांबतो. बावीस बोअरच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, आणि ती कडा नीट चेपली गेली तरच तो पेटतो. म्हणून चाप हलका करायचा तर स्प्रिंगला फारसा हात लावायचा नाही. चाप आणि घोडा जिथे एकमेकांत अडकतात ती पोलादी कड दगडावर जरा जरा घासायची, जोडून बघायची, पुन्हा खोलायची. जास्त घासली तर पिस्तूल धक्क्यानेही सुटेल. दिवस जातात त्यात. तुम्ही म्हणायचे, “चाप हलका करनं कोनालेबी येते. हलका करून गोळी सुटली पाह्यजे, तेव्हा तो कारागीर.” हे तुमचंच वाक्य आहे, आणि म्हणूनच मला तुमची चीड येते. न कळणाऱ्या माणसाने केलं असतं तर मी कधीच विसरून गेले असते.

त्या वर्षी पुण्याला राज्याच्या नेमबाजी संघाची निवड होती. संघात नाव आलं असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं दार उघडलं असतं, आणि मला या घरातून बाहेर पडायला तेवढं एकच दार दिसत होतं. क्लबचं जुनं पिस्तूल मला मिळालं होतं, त्याचा चाप इतका जड की शेवटच्या गोळ्यांना माझं बोट थरथरायचं. महिनाभर आधी मी ते तुमच्याकडे दिलं. तुम्ही म्हणालात, “होऊन जाईन, तू काऊन फिकर करून राह्यली?” तेवढ्यात निवडणूक संपली. निवडणुकीपुरत्या पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत मिळाल्या आणि गंजलेल्या अवस्थेत सगळ्या आपल्या दुकानात आल्या. माझं पिस्तूल कपाटात पडून राहिलं. मी रोज विचारायचे आणि तुम्ही रोज ‘होऊन जाईन’ म्हणायचे.

जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ते माझ्या हातात ठेवलं. नियमाप्रमाणे चापाने निदान एक किलो वजन पेलायला हवं, म्हणून तुम्ही शेजारच्या किराणा दुकानातलं किलोचं माप आणून सुतळीने चापाला बांधलं आणि पिस्तूल उचललंत. चापाने बरोबर पेललं. मग मी ओढून बघितला आणि मला हसूच आलं, इतका तो सुरेख सुटला. मी तुमच्या पाया पडले. बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, पण मी पाया पडले आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलात, हे मला आजही सहन होत नाही.

पुण्यातल्या सरावात सगळ्या गोळ्या सुटल्या. अशी स्प्रिंग रोज दगा देत नाही, हेच तर वाईट. सामन्यात मी चाप ओढते, घोडा पडल्याचा आवाज स्पष्ट येतो, आणि पुढे काहीच नाही. मी पिस्तूल खाली, समोरच्या दिशेलाच धरून हात वर करते. पंच येतात, काडतूस बघतात, पुन्हा संधी देतात. पण त्या टप्प्यात सवलत एकदाच मिळते. थोड्याच वेळात दुसरी गोळी तशीच अडली, आणि त्या फेरीत राहिलेल्या गोळ्यांचे शून्य लागले. संघ जाहीर झाला तेव्हा मी पिस्तूल पेटीत भरत होते.

घरी आले तर स्वयंपाकघरात तुम्ही आणि मामा जेवत होतात. आधी तुम्ही म्हणालात, गोळ्या सादळल्या असतील. मामाने मान डोलावली तसं तुम्हाला बळ आलं. “तिच्या बोटातच जीव नाई. चाप पुरा दाबतच नाई ते.” चाप पुरा दाबला नाही तर घोडा पडत नाही, हे तुमच्याइतकं वर्ध्यात कुणाला ठाऊक होतं? आई पोळी वाढायची थांबली, एवढंच. मग ते वाक्य दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं गेलं, क्लबपर्यंत पोचलं, आणि क्लबने पिस्तूल दुसऱ्या मुलीला द्यायचं ठरवलं. परत करण्याआधी, तुम्ही गिरडला गेलेले असताना, मी ते खोललं. पोलादी कडेवर कारखान्यातले ओरखडे जसेच्या तसे होते, दगड लागलाच नव्हता. आणि आत भलत्याच पिस्तुलाची नरम स्प्रिंग. ती मी रात्री तुमच्या ताटाशेजारी ठेवली. वरणातला कढीपत्ता काढून ठेवावा तशी तुम्ही ती बोटाने बाजूला सारलीत. “दुकानातल्या वस्तूले हात लावत नको जाऊ,” म्हणालात आणि आईकडे आणखी वरण मागितलंत.

आता तुमच्या त्या स्टुलावर मी बसते. लोक म्हणतात, पोरीने बापाची गादी चालवली. म्हणू देत, मी ती रागाने चालवते. तुमच्या हाताखालून गेलेली बंदूक आली की मी आधी स्प्रिंग बघते. तुमची बरीच कामं चोख निघतात. त्याने माझा राग आणखीच वाढतो. लोकांच्या डुकरांसाठी तुम्हाला वेळ होता.

गेल्या आठवड्यात रोहणा गावची एक मुलगी आली. तिची निवड चार दिवसांवर, चाप जड, कॉलेजने पिस्तूल उशिरा दिलं. “ताई, हलका करून द्या नं, मायं बोट दुखून राह्यलं.” कड घासायला वेळ नव्हता, हे मला पहिल्या नजरेतच दिसलं. तरी मी डब्यातली एक नरम स्प्रिंग काढली, बसवली आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. नुसतं बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. तिने चाप ओढला आणि तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. त्या क्षणी तुम्ही मला दिसलात, बाबा. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही कंटाळा केलात. कंटाळा केलातच. पण ‘नाही होणार’ असं माझ्या तोंडावर सांगायची हिंमतही तुमच्यात नव्हती. तेवढं म्हणाला असतात तर मी जडच चाप घेऊन गेले असते, हरले असते तर माझ्या बोटाने हरले असते.

मी तिची जुनी स्प्रिंग पुन्हा बसवली आणि तिला म्हटलं, “होणार नाही. आहे तसंच घेऊन जा.” ती चिडली, रडली, मी मुद्दाम करते असं म्हणाली आणि थँक्यूही न म्हणता गेली. तिने मला शिव्या घालाव्यात, माझी हरकत नाही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही आणि हा कागद कुणाला दाखवणारही नाही. फक्त एक गोष्ट आहे. तिच्या पिस्तुलातली ती नरम स्प्रिंग परत काढायला घेतली तेव्हा माझाही हात थांबला होता. किती वेळ थांबला, ते तुम्हाला सांगणार नाही.